आईची पंचाहत्तरी दोन हजारांत करायची आहे

सासवडची_लेक
नमस्कार मंडळी. या महिन्याच्या २६ तारखेला, चंपाषष्ठीला, माझ्या आईला ७५ पूर्ण होतात. हातात दोन हजार रुपये आहेत, त्याहून जास्त काढता येणार नाहीत. ह्यांचं काम एप्रिलमध्ये सुटलं आणि मोठ्याची बारावी आहे. हॉल, केटरर, फ्लेक्स यातलं काहीच जमणार नाही. धाकटा भाऊ म्हणतो उसने घेऊ, पंचाहत्तरी काय परत येणार आहे? पण उसने घेतलेले कळले तर आई त्या दिवशी घास गिळायची नाही.

वीसेक वर्षं तिनं सीताफळं आणि अंजिरं पाटीत भरून सासवडहून पहाटेच्या गाडीनं पुण्याला आणली. पाटी दाराजवळ ठेवावी लागायची, म्हणून ती पण तिथंच उभी. दिवे घाट तिनं हजारो वेळा उतरला असेल, पण कधी बघितला नसेल. मला तिला एकदा अशा ठिकाणी न्यायचं आहे जिथं तिला काही विकायचं नाही. आता ती माझ्याकडे धायरीला असते. गुडघे दुखतात, सपाटीवर बरी चालते. केक नको म्हणते. वाढदिवसाला काही गोष्टी फुकट किंवा सवलतीत मिळतात असं ऐकलंय, कुणाला अनुभव असेल तर सांगा.

पेठेतला_एक
ताई, हॉटेलं आणि मिठाईवाले वाढदिवसाला गोड फुकट देतात, पण अट आधी विचारून घ्या. आम्ही बाबांना घेऊन एका ठिकाणी गेलो होतो. ठरावीक रकमेच्या वर बिल झालं तरच आइस्क्रीम मिळणार हे बसल्यावर कळलं. एका वाटीसाठी चौघांचं जेवण मागवावं लागलं, आणि नंतर वर्षभर मोबाइलवर मेसेज येत राहिले.

त्यापेक्षा जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर बघा. आठव्या शतकातली कातळात कोरलेली लेणी, तिकीट नाही, आणि आत भर उन्हातही गार असतं. जेजुरीचा बेत मात्र चंपाषष्ठीला करू नका. पायऱ्या आणि गर्दी, दोन्ही त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नाही.

कृष्णाकाठ
ताई, तुमच्या आईला सगळ्यात मोठी भेट सरकारनंच देऊन ठेवलीय. ७५ पूर्ण झालेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून राज्याच्या हद्दीत एसटीचा प्रवास पूर्ण मोफत आहे. शहरातल्या बसला नाही, फक्त एसटीला. आणि मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे आई फुकट, तुम्ही आणि मुलगी अर्ध्यात. पूर्ण तिकीट फक्त पुरुषांचं, म्हणून आम्ही आईच्या वेळी बायकाच गेलो: मी, वहिनी आणि माझी लेक.

आता महत्त्वाचं. आधार कार्डावरची तारीख आजच बघा. कंडक्टर तीच धरतो, घरातली तिथी नाही. त्या पिढीतल्या कितीतरी जणांची तारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच लिहून टाकली. माझी आई नवरात्रातली. आम्ही हौसेनं घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी निघालो, तर कार्डावर पुढल्या वर्षीचा १ जून. कंडक्टरनं नीट समजावून सांगितलं आणि अर्धं तिकीट फाडलं. त्याची काही चूक नव्हती. पण आईचा चेहरा उतरला तो उतरलाच. आम्ही पुढच्याच थांब्यावर उतरून घरी आलो आणि आठ महिने थांबलो.

आणि तेच बरं झालं, कारण १ जून हा एसटीचाही वाढदिवस. १९४८ साली त्याच दिवशी पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी सुटली होती. आम्ही स्वारगेटला पोचलो तेव्हा फाटकाला आंब्याची डहाळी बांधलेली, रांगोळी काढलेली. आमच्या गाडीच्या कंडक्टरनं कार्ड हातात घेतलं, तारीख वाचली आणि म्हणाला, "आजी, आज तुमचा आणि आमच्या गाडीचा वाढदिवस एकच की." मशीनमधून तिकीट निघालं, रक्कम शून्य. आईनं ते चष्मा लावून दोनदा वाचलं. (त्या तिकिटाचा लगेच फोटो काढून ठेवा. तो कागद टिकत नाही, दोन महिन्यांत अक्षरं उडतात. आमचं आता कोरं झालंय, तरी आईनं पोथीत जपून ठेवलंय.)

आम्ही वाईला गेलो. आमच्या वेळी जाताना गाडी खंबाटकी घाट चढली, येताना बोगद्यातून आली, म्हणून खिडकी जातानाच मिळाली पाहिजे. स्टँडवरून रिक्षानं ढोल्या गणपती. एवढी मोठी मूर्ती, पण मी तुम्हाला देवळाची मागची भिंत बघायला सांगेन. ती माशाच्या आकाराची बांधलीय, कृष्णेचा पूर आला की पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. घाटावर बसलात तर नदी समोरच. दुपारी मेणवली, तीनेक किलोमीटरवर. तिथं नाना फडणवीसांचा वाडा आणि खाली चंद्रकोरीसारखा घाट. पायऱ्या आहेत, तुमच्या आईंना जेवढ्या जमतील तेवढ्याच उतरवा. घाटावर छोट्या देवळीत एक घंटा टांगलेली आहे, १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर तिकडून आणलेली पोर्तुगीजांची. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत. माझी आई ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होती, चिमाजी अप्पांचा धडा तिनं कितीदा शिकवला असेल. तिनं त्या घंटेवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. "पोरांना मी नुसतं पुस्तकातून सांगितलं गं," एवढंच म्हणाली.

परत येताना वाईत विश्वकोशाच्या कार्यालयावरून रिक्षा नेली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी जिथं बसून काम करायचे ते गाव तिला बघायचं होतं. डबा घरचाच होता, दशम्या आणि चटणी. तिकिटं, रिक्षा, पेढे, चहा सगळं धरून चौघींचे चौदाशेच्या आत झाले. हॉल घेतला असता तर आई सगळा दिवस लोकांच्या पाया पडण्याला हात लावत खुर्चीत बसली असती.

गोदाकाठ
प्रवासाचं वर आलंच आहे, मी ओवाळण्याचं सांगते. ७५ कणकेचे दिवे करा, अर्धा किलो कणीक खूप झाली. घट्ट मळा आणि वाटीचा तळ जाड ठेवा, पातळ झाला की तूप खाली झिरपतं. फुलवाती आदल्या रात्री तुपात भिजवून ठेवा. सगळे एकदम पेटले की चांगलीच धग लागते, तेव्हा ताट दोघींनी धरा आणि आईंपासून हातभर लांबच ओवाळा. पंखा आठवणीनं बंद करा. सासूबाईंच्या वेळी शेवटचे दिवे लागेपर्यंत पहिले विझत होते, म्हणून चार कोपऱ्यांना चार जण काडी घेऊन बसा.

जेवणाची तर चिंताच नको. चंपाषष्ठी म्हणजे वांग्याचं भरीत, रोडगा आणि कांद्याची पात. चातुर्मासात वांगं सोडलं असेल तर त्या दिवशी पहिला घास किती गोड लागेल त्यांना!

सासवडची_लेक
सगळ्यांना मनापासून नमस्कार. कृष्णाकाठ ताई, तुमचं वाचून लगेच उठले आणि आईची पत्र्याची पेटी उघडली. आधार कार्डावर तारीख आहे १ जून १९५०. आई खरी डिसेंबरातली, मास्तरांनी तिला सहा महिन्यांनी मोठी केली. म्हणजे तिचा प्रवास जूनपासूनच मोफत होता आणि घरात कुणालाच माहीत नव्हतं. मागच्या महिन्यात ती मावशीकडे सासवडला जाऊन आली, जाता-येता अर्धं तिकीट काढून. बाकीचे अर्धे पैसे कसे वाचवले ते मला आल्यावर कौतुकानं सांगत होती.

आता असं ठरलंय. २६ ला सकाळी खंडोबाचा नैवेद्य, भरीत-रोडगा, संध्याकाळी ७५ दिवे. भावाला फुलवाती आणि तूप आणायला सांगितलंय, उसन्याचा विषय मिटला. २७ ला आई, मी आणि माझी लेक वाईला. खिडकीसाठी स्वारगेटला लवकर पोचायचं आहे, सकाळी वाईला थेट गाड्या किती वाजता असतात ते कुणी नक्की सांगेल का?

आईला सांगितलं तेव्हा तिनं कार्ड घेऊन चंचीत घातलं. मग विचारते, पाटी नाही तर गाडीत हातात काय धरायचं. नातीनं लगेच आपला हात पुढं केला.