बेळगावहून कुर्त्याची ऑर्डर आली, आता जीएसटी घ्यायचा का?

प्रश्न: कोल्हापुरातून घरूनच इन्स्टाग्रामवर तयार कुर्ते विकते. उलाढाल वर्षाला ६-७ लाख. नोंदणी कधी करावी?

उत्तर १: ताई, फक्त महाराष्ट्रात विकत असाल तर मालासाठी मर्यादा ४० लाखांची. पण बेळगाव म्हणजे कर्नाटक! आंतरराज्य विक्रीला ही मर्यादा लागू नाही, अगदी एका कुर्त्यालाही नोंदणी लागते. बहुतेक जण इथेच फसतात. अंतर बघतात, राज्य बघत नाहीत. पॅन, आधार, बँक तपशील आणि वीजबिल लागेल. बिल सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र जोडा, नाहीतर अर्जावर हमखास शंका निघते.

उत्तर २: आणि नंतर विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावंच लागतं, उशीर झाला की रोज २० रुपये. शिवाय व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये. त्यामुळे परराज्यातून एखाददुसरीच ऑर्डर येणार असेल तर सरळ नाही म्हणा.

उत्तर ३: उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंद) मात्र आजच करा, सरकारी पोर्टलवर ती फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइट दलालांच्या.

प्रश्नकर्ती: मीशोवर फक्त महाराष्ट्रापुरतं विकलं तर?

उत्तर १: ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीशिवाय चालतं. फक्त जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्या.