जुनी चामड्याची पर्स घरीच स्वच्छ करून वापरात आणायची आहे, मार्गदर्शन हवे

तापीकाठ (भुसावळ):

सर्वांना नमस्कार. पुण्याच्या जुन्या बाजारातून मी नुकतीच चामड्याची एक जुनी पर्स घेतली. खांद्याला अडकवायची, मध्यम आकाराची आणि तपकिरी रंगाची आहे. कडेला जिथे रंग उडाला आहे तिथे बारीक तंतू दिसतात, त्यामुळे ती रेक्झिनची नसावी असा माझा अंदाज आहे. घडण सुरेख आहे, पण अवस्था बरी नाही. झाकण जिथे दुमडते त्या घडीवर बारीक भेगा पडल्या आहेत. पाठीमागच्या बाजूला पांढरट ठिपके आहेत. कापडाने पुसले की जातात आणि काही दिवसांनी पुन्हा उमटतात. पट्ट्याच्या पितळी कडीभोवती हिरवा, मेणासारखा चिकट थर साचला आहे, झाकणाच्या आत बॉलपेनची एक ठळक रेघ आहे आणि आतल्या अस्तराला कुबट वास येतो. पट्ट्याची शिलाईही एका टोकाला उसवली आहे.

सल्ले पुष्कळ मिळाले. सासूबाई खोबरेल तेल चोळायला सांगतात, शेजारच्या ताई शाम्पूच्या पाण्याने धुवायला सांगतात, तर बाजारातल्या एका दुकानदाराने बूट पॉलिशची डबी पुढे केली. यांपैकी नेमके काय करावे आणि काय टाळावे? आमच्याकडे बोअरचे क्षारयुक्त पाणी येते आणि उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, हेही लक्षात घेऊन सांगावे, ही विनंती.

गिरणाकाठ (चाळीसगाव):

ताई, कशालाही हात लावण्यापूर्वी चामडे कोणत्या प्रकारचे आहे ते ओळखा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. पर्सच्या तळाशी, सहज दिसणार नाही अशा जागी, पाण्याचा एक थेंब ठेवा आणि मिनिटभर पाहा. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला, तर चामड्यावर रंगाचा संरक्षक थर शाबूत आहे आणि सफाई सोपी आहे. थेंब मुरला आणि ती जागा गडद झाली, तर वरचा थर एक तर मुळातच नाही किंवा झिजून गेला आहे. अशा चामड्यात पाणी, तेल, शाई असे जे पडेल ते आत शिरते आणि बाहेर काढणे अवघड होते. ही परीक्षा एका जागी करून थांबू नका. झाकण, तळ आणि पट्टा यांची झीज वेगवेगळी असते.

शाम्पू आणि साबण यांच्याबद्दल एवढे सांगतो की, कमावलेले चामडे स्वभावतः आम्लधर्मी असते. त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असतो, तर अंगाच्या किंवा कपड्यांच्या साबणाचा ९ ते १० पर्यंत जातो. असा साबण वारंवार लागला की कमावणीचे द्रव्य आणि तंतूंमधली स्निग्धता निघून जाते व चामडे कोरडे, ताठर होते. खाण्याचा सोडा लावावा असेही कोणी सुचवील. तोही अल्कधर्मी असल्याने चामड्याला थेट लावू नये. शाम्पू साबणाइतका तीव्र नसतो, पण पर्स ‘धुणे’ मात्र नकोच. भिजलेले चामडे सुकताना आकसते, आतला पुठ्ठा फुगतो आणि डिंकाने चिकटवलेले थर सुटतात.

सफाई अशी करावी. पर्स पूर्ण रिकामी करून मऊ ब्रशने शिवणींतली धूळ काढावी, अस्तर बाहेर ओढून कोपऱ्यांत साठलेली माती झटकावी. धूळ तशीच ठेवून ओले कापड फिरवले, तर तीच माती घासली जाऊन चरे पडतात. मग चामड्यासाठी मिळणारा सौम्य क्लीनर पांढऱ्या सुती कापडावर घ्यावा, थेट पर्सवर ओतू नये. कापड ओलसर असावे. पिळल्यावर थेंब पडता कामा नये. हलक्या हाताने, गोलाकार, एका वेळी एकच भाग घ्यावा आणि कापड वारंवार पाहत राहावे. त्यावर काळपट मळ येत असेल तर काम नीट चालले आहे. पर्सचाच तपकिरी रंग येऊ लागला तर तिथेच थांबावे. शेवटी साध्या पाण्यात पिळलेल्या दुसऱ्या कापडाने पुसून घ्यावे. हे पाणी बोअरचे नको, आरओचे घ्या. आपल्या भागातल्या बोअरच्या पाण्याने बादलीला जसे पांढरे पापुद्रे धरतात, तसे क्षार चामड्यातही सुकून राहतात.

पर्स सावलीत, वाऱ्यावर, आत जुन्या सुती कापडाचे बोळे भरून सुकवावी. छपाईच्या कागदाची शाई अस्तराला लागते, म्हणून वर्तमानपत्र टाळावे. उन्हात किंवा पत्र्याच्या खोलीत मुळीच ठेवू नये. ओले चामडे उष्णतेला फार हळवे असते: वनस्पतींच्या सालींनी कमावलेले चामडे ओल्या अवस्थेत साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला कायमचे आकसते, आणि जुने, जीर्ण चामडे त्याहूनही कमी तापमानाला. आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीत किंवा पत्र्याखाली वस्तू किती तापतात, हे वेगळे सांगायला नको.

कडीभोवतीचा हिरवा थर म्हणजे कळंक. चामड्यातल्या स्निग्धांशाची पितळेतल्या तांब्याशी प्रक्रिया होऊन तो तयार होतो. लाकडी टूथपिकने तो अलगद खरवडावा आणि कोरड्या कापडाने टिपून घ्यावा. चिंच, लिंबू किंवा भांडी घासण्याची पावडर वापरू नये. पितळ चकाकेल, पण शेजारच्या चामड्यावर डाग पडेल.

पांढऱ्या ठिपक्यांबद्दल एक सोपी परीक्षा आहे. केस वाळवायचे यंत्र सर्वांत कमी उष्णतेवर ठेवून वीतभर अंतरावरून काही क्षण फिरवा. ठिपके वितळून नाहीसे झाले, तर ती चामड्यातून वर आलेली चरबी आहे आणि ती धोक्याची नाही. तसेच राहिले, तर बुरशी किंवा क्षार समजावेत. दोन्हींचे निष्कर्ष कळवा, मग पुढचे बोलू.

सातपुडा (चोपडा):

गिरणाकाठ यांचे म्हणणे पटते, पण तेलाला आपल्याकडे इतके परके मानू नये, असे मला वाटते. खान्देशातल्या विहिरींवर पिढ्यान्‌पिढ्या पाणी उपसायच्या चामड्याच्या मोटा चालल्या. मोटेला करडईचे तेल लावत असत आणि त्यावर त्या टिकत. आमच्या घरी बैलांच्या चामडी साजाला आजही एरंडेल लावतात आणि ते मऊ राहते. मग पर्सलाच तेल का चालू नये? ताईंच्या सासूबाई अनुभवानेच सांगत असणार.

गिरणाकाठ (चाळीसगाव):

दादा, सासूबाईंच्या किंवा आपल्या अनुभवाला मी कमी लेखत नाही. मोटेचे उदाहरण तर फार योग्य आहे, कारण त्यातूनच फरक स्पष्ट होतो. मोट दिवसभर पाण्यात बुडायची. तिचे चामडे जाड, न रंगवलेले, अस्तर नसलेले होते. पाणी आत शिरू नये म्हणून तिला भरपूर तेल पाजावे लागे आणि ती काळी पडली म्हणून कुणाचे काही बिघडत नसे. साजाचेही तसेच. पर्सचे चामडे पातळ असते, त्याच्या मागे पुठ्ठा, फोम आणि कापडी अस्तर असते, आणि तिच्यात ठेवलेली कागदपत्रे व अंगावरची साडी तेलकट होऊन चालत नाही. जास्तीचे तेल डिंक सैल करते, अस्तरात उतरते आणि रंग एकसारखा न ठेवता ठिकठिकाणी गडद करते.

खोबरेलाची आणखी एक अडचण आहे. ते साधारण २४ अंशांखाली गोठते. आपल्याकडचा पारा थंडीत बराच खाली येतो, त्या वेळी तेच तेल पृष्ठभागावर पांढरट होऊन बसते. शेंगदाण्याचे तेल कालांतराने खवट होते. म्हणून पर्सला मेण किंवा लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतला स्निग्ध पदार्थ) असलेली, चामड्यासाठीच बनवलेली मलई वापरावी. हरभऱ्याच्या दाण्याएवढी मलई बोटाला लपेटलेल्या कापडावर घ्यावी, चांगली पसरवून लावावी, रात्रभर मुरू द्यावी आणि सकाळी कोरड्या कापडाने उरलेली काढून घ्यावी. एकदम भरपूर लावण्यापेक्षा अगदी पातळ हात द्यावा आणि गरज वाटली तरच काही दिवसांनी दुसरा द्यावा.

तापीकाठ (भुसावळ):

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे पाहिले. तळाशी आणि पाठीमागे थेंब वर बसून राहिला. झाकणाच्या घडीवर मात्र लगेच मुरला आणि गडद डाग दिसला, तो वाळल्यावर गेला. पाठीवरचे ठिपके उष्ण हवेने खरोखरच नाहीसे झाले. अस्तर बाहेर ओढले तेव्हा मात्र खालच्या शिवणीत राखाडी, कापसासारखी पुटे दिसली आणि वास तिथूनच येतो आहे. याचे काय करावे? आणि भेगा, शाई व पट्टा यांबद्दलही कृपया सांगावे.

पांझरा (धुळे):

ताई, अस्तरातली पुटे ही बुरशीच आहे, म्हणून ते काम घराबाहेर, अंगणात किंवा गच्चीवर, तोंडाला मास्क लावून करा. घरात झटकले तर तिचे बीजाणू कपाटातल्या इतर वस्तूंवर बसतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात अस्तरच तेवढे बाहेर काढून थोडा वेळ धरावे, चामड्यावर सावली राहू द्यावी. पुटे पूर्ण कोरडी झाली की ब्रशने झटकावीत. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि आरओचे पाणी समप्रमाणात घेऊन कापड जेमतेम ओलसर करावे आणि अस्तर पुसावे. अल्कोहोल चामड्याचा रंग सोडवते, म्हणून ते बाहेरच्या बाजूला पोहोचणार नाही याची काळजी घ्यावी आणि आधी अस्तराच्या एका कोपऱ्यात पाहून घ्यावे.

कुबट वास एका दिवसात जाणार नाही. झाकणाच्या मोठ्या डब्यात तळाला वाटीभर खाण्याचा सोडा किंवा कोळशाचे तुकडे उघडे ठेवावेत आणि पर्स त्यांना स्पर्श होणार नाही अशी उघडी ठेवून डबा बंद करावा. दर दोन दिवसांनी डबा उघडून हवा द्यावी. अत्तर किंवा डांबराच्या गोळ्या ठेवू नका; चामडे तो वास धरून ठेवते आणि मग दोन वास काढत बसावे लागते.

आपल्याकडे उन्हाळा कोरडा असल्याने बुरशीचा उपद्रव पावसाळ्यातच होतो. हवेतली आर्द्रता बराच काळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की ती वाढू लागते. म्हणून आषाढ-श्रावणात पर्स कपाटात बंद ठेवू नका. आठवड्यातून एकदा बाहेर काढून वाऱ्यावर ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच ठेवू नये, जुन्या सुती साडीची पिशवी शिवून त्यात ठेवावी.

गिरणाकाठ (चाळीसगाव):

पांझरा यांनी अस्तराचे अगदी नेमके सांगितले आहे. उरलेल्या तीन गोष्टींबद्दल लिहितो.

झाकणाच्या घडीवर थेंब मुरला, याचा अर्थ तिथला रंगाचा थर फाटला आहे आणि खालचे तंतूही तुटू लागले आहेत. मलईने ती जागा लवचीक होईल व भेगा पुढे पसरण्याचा वेग कमी होईल, पण तुटलेले तंतू कोणत्याही मलईने पुन्हा जुळत नाहीत. ‘भेगा पूर्ण जातील’ असा दावा करणाऱ्या बाटलीवर विश्वास ठेवू नका. भेगा वरवरच्या असतील तर चामड्यासाठीचा लवचीक फिलर बोथट सुरीने अगदी पातळ भरावा, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने समतल करावा आणि त्यावर चामड्याचा ॲक्रिलिक रंग स्पंजने टिपत पातळ थरांत द्यावा. रंग आधी कागदावर वाळवून पर्सशी जुळतो का ते पाहावे, कारण ओला आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही. भेग आरपार असेल तर हे घरचे काम नाही. आतून पातळ चामड्याची पट्टी लावून घ्यावी लागेल. बूट पॉलिश मात्र नको. त्यातला रंग चामड्यावर पक्का बसत नाही आणि घामाने किंवा घर्षणाने साडीला लागतो.

शाईच्या रेघेबद्दल मन थोडे घट्ट करा. ती जुनी आहे. शाई विरघळवणारी बहुतेक द्रव्ये चामड्याचा रंगही विरघळवतात, त्यामुळे रेघ जाऊन तिथे फिकट पट्टा पडण्याची शक्यता अधिक. सफाईने जेवढी फिकी होईल तेवढी होऊ द्यावी. झाकणाच्या आत आहे, कुणाच्या नजरेला येणार नाही.

पट्ट्यावर मात्र कंजुषी करू नका, कारण सगळे वजन तोच पेलतो. जुना दोरा कुजतो; आज एका टोकाला उसवला तर दुसऱ्या टोकालाही ओढून पाहावा. गावात चांगला चर्मकार असेल तर त्याच्याकडेच न्या आणि दोन आग्रह धरा: नवी भोके न पाडता जुन्याच भोकांतून शिवावे, कारण भोके वाढली की त्या रेषेवर चामडे फाटते, आणि दोरा मेण लावलेला, पॉलिएस्टरचा असावा. चांगला कारागीर दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुई ओवून एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी टाका घेतो. असा टाका एका ठिकाणी तुटला तरी पुढची शिवण सुटत नाही, हा यंत्राच्या शिलाईपेक्षा मोठा फायदा आहे. त्याला पुरेसा वेळ द्या आणि मागेल ते मोल द्या; आपल्या भागात हे काम जाणणारे हात कमी होत चालले आहेत.

चेन अडकत असेल तर तिच्या दातांवर साधी मेणबत्ती घासावी. तेल घालू नये, त्याला धूळ चिकटते.

सातपुडा (चोपडा):

मोट आणि पर्स यांतला फरक पटला. साजाला एरंडेल चालू ठेवीन, पण घरातल्या वडिलांच्या जुन्या चामडी बॅगेला आता मलईच आणतो. त्या बॅगेचे चामडे बोटाला लागताच लालसर भुकटी होऊन गळते. तिलाही हीच पद्धत चालेल का?

गिरणाकाठ (चाळीसगाव):

नाही दादा, तिला अजून काहीही लावू नका, पाणी तर मुळीच नाही. सालींनी कमावलेल्या जुन्या चामड्यात आम्ल वाढून तंतूंचीच भुकटी होऊ लागते, तेव्हा हे लक्षण दिसते. ते उलटवता येत नाही. मलई किंवा पाणी लागले तर चामडे काळे पडून ताठ होते. मऊ, कोरड्या ब्रशने सुटलेली भुकटी अलगद काढा, आत सुती कापडाचे बोळे भरून आकार राखा आणि जुन्या धोतराच्या कापडात सैल गुंडाळून ठेवा. बॅगेचे सर्व बाजूंनी काढलेले छायाचित्र इथे टाकलेत तर भुकटी होणारा भाग किती पसरला आहे ते पाहून पुढचे सांगता येईल.