प्रतिसाद : टॅप चेंजर नियंत्रणासाठी सीटीची जोडणी

भार वाढला की टॅप चेंजर (ट्रान्सफॉर्मरची वळणे बदलून व्होल्टेज राखणारे साधन) टॅप वर नेण्याऐवजी खाली उतरवतो, या आपल्या तक्रारीवरून मला सीटीच्या (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मोठा प्रवाह मोजण्याजोगा लहान करणारे साधन) दिशेचा संशय येतो. इथे वडोदऱ्यात, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात आम्हाला हेच आढळले होते: सीटीच्या सेकंडरीच्या (दुय्यम बाजूच्या) एस-१ आणि एस-२ या तारा टर्मिनलवर उलट लागल्यामुळे लाइन ड्रॉप कॉम्पेन्सेशन (लाइनमधील व्होल्टेजची घट भरून काढणारी भर) मिळवले जाण्याऐवजी वजा होत होते. फेजचा मेळही तपासावा. टॅप बदलण्याचा आदेश देणाऱ्या रिलेला आर-वाय व्होल्टेज (आर आणि वाय या दोन फेजमधले) दिले असेल, तर एकट्या आर फेजचा प्रवाह युनिटी पॉवर फॅक्टरवरही (म्हणजे तो स्वतःच्या फेजच्या व्होल्टेजशी जुळलेला असतानाही) त्या आर-वाय व्होल्टेजच्या ३० अंश मागे राहतो. आर आणि वाय सीटींची क्रॉस जोडणी (दोन्ही प्रवाहांची वजाबाकी रिलेला मिळेल अशी) केल्यास कोन जुळतो, परंतु प्रवाह १.७३ पट होतो, म्हणून रिलेचे रेटिंग आधी पाहावे. तारा सोडवण्यापूर्वी शॉर्टिंग लिंक (सेकंडरीची दोन्ही टोके एकमेकांना जोडणारी पट्टी) अवश्य लावावी, कारण भार चालू असताना सेकंडरी उघडी राहिल्यास टर्मिनलवर जीवघेणे व्होल्टेज येते.