पातळ पोहे आणि लगदा

कुणाला यादी देऊन किराणा आणायला पाठवलं आणि ज्यांच्या घरी कांदेपोह्यांसाठी पातळ पोहे आले आणि लगदा झाला, त्यात आणणाऱ्याचा दोष अर्धाच. यादीत नुसतं 'पोहे अर्धा किलो' असेल तर दुकानदार जे हाताशी असेल तेच देणार.

पातळ पोहे चाळणीत नळाखाली धरले की तिथेच संपतात. जाड पोहे धुऊन, निथळून पाच-दहा मिनिटं ठेवले तरी दाणा सुटा राहतो. पातळ आलेच असतील तर धुवू नका, दडपे पोहे करा. दोन वाट्या पोहे, अर्धी वाटी ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, मीठ, साखर, लिंबू. वरून नारळाचं पाणी शिंपडून पंधरा मिनिटं दडपून ठेवायचं, मग फोडणी. पाहुण्यांना वाटतं, ठरवूनच केलंय! उलटी चूक जास्त महाग पडते: जाड पोहे नुसते भाजून केलेला चिवडा दातांची परीक्षा घेतो, ते तळावेच लागतात.

रव्याचंही तेच. इडली रवा तांदळाचा असतो, त्याचा शिरा करायला गेलात तर गोड सांज्याऐवजी भलतंच काहीतरी ताटात येतं.

म्हणून यादीत पदार्थ लिहा: 'चिवड्याचे पातळ पोहे', 'उपम्याचा जाड रवा'. आणि 'मिरची पाव' असं एका ओळीत कधीच नको. एक तर पावकिलो मिरच्या येतात, नाहीतर दोन मिरच्या आणि लादीपाव.