जीबीएसचा रुग्ण सापडला की त्या भागातलं पाणी तपासायचं, असा नियम हवा का?

मुठाई

पुण्यातली जीबीएसची साथ आता बातम्यांतून गेली आहे, म्हणून हा धागा. जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये दोनशेच्या वर रुग्ण झाले. त्यातले बहुतेक सिंहगड रस्त्याकडचे: नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला. एरवी हा आजार वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होतो. पुणे-पिंपरीची लोकसंख्या सत्तर लाख धरली तरी वर्षाचे सत्तर ते एकशेचाळीस. इथे दोन महिन्यांत दोनशे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जीबीएस म्हणजे गुइलेन बॅरे सिंड्रोम. बहुतेक वेळा आधी जुलाब किंवा सर्दी-ताप होतो, आणि एक ते तीन आठवड्यांनी पायाला मुंग्या येऊन जोर जायला लागतो. तो वर वर सरकतो. चारातल्या एकाला व्हेंटिलेटर लागतो. पुण्यात काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जुलाबाचा जंतू सापडला, काहींच्यात नोरोव्हायरस, तोही पोट बिघडवणारा विषाणू. बोट गेलं नांदेडच्या विहिरीकडे. धायरी २०१७ साली आणि बाकीची गावं २०२१ साली महापालिकेत आली, पण शुद्धीकरण प्रकल्प काही आला नाही. पाणी क्लोरीन टाकून थेट नळाला. मग काही खाजगी आरओ प्लांट सील झाले, मंत्र्यांचे दौरे झाले, विषय संपला.

माझं म्हणणं सरळ आहे. कोणत्याही वयाच्या माणसाला जीबीएस झाला की दवाखान्याने कळवलंच पाहिजे, आणि एका प्रभागात पंधरवड्यात दोन रुग्ण आले की तिथलं पाणी ताबडतोब तपासलं पाहिजे. यात नवीन यंत्रणा लागत नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलाला अचानक लुळेपणा आला तर पोलिओच्या निगराणीसाठी आजही कळवावंच लागतं आणि शौचाचे दोन नमुने जातात. तोच फॉर्म मोठ्या माणसांनाही लावा. कॅम्पायलोबॅक्टर झालेल्या साधारण हजारात एकाला जीबीएस होतो. म्हणजे एका रुग्णामागे शेकडो जुलाबवाले असतात, आणि ते कुणाच्याच वहीत नसतात.

तर्कटराव

ठाम विरोध. पाणी म्हटलं की महापालिकेला शिव्या घालायची सोय होते, म्हणून सगळ्यांना पाणी आवडतं. पुरावा बघा ना. दोनशे रुग्णांत कॅम्पायलोबॅक्टर किती जणांच्या नमुन्यात निघाला? मोजक्याच. तेवढ्यावर नियम करायचा?

आणि कॅम्पायलोबॅक्टरचं खरं घर कोंबडीच्या आतड्यात आहे. न्यूझीलंडचं उदाहरण देतो. तिथे या जंतूने उच्छाद मांडला होता. २००६-०७ च्या सुमारास त्यांनी कोंबडीच्या कत्तलखान्यांवर आणि मांसावर कडक मर्यादा घातल्या. कॅम्पायलोबॅक्टरच्या नोंदी निम्म्याहून खाली आल्या आणि जीबीएससाठी दवाखान्यात दाखल होणारेही सुमारे १३ टक्क्यांनी घटले. पाण्याला हातही न लावता! आपल्याकडे चिकनच्या दुकानात त्याच ठोकळ्यावर, त्याच सुरीने, त्याच फडक्याने दिवसभर काम चालतं. तिथे कोण जातंय तपासायला?

न्यूरोवाला

तर्कटराव, न्यूझीलंडचा अभ्यास खरा आहे आणि महत्त्वाचाही. पण 'मोजक्याच नमुन्यांत जंतू सापडला' यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

जीबीएस जंतू करत नाही, आपलीच प्रतिकारशक्ती करते. कॅम्पायलोबॅक्टरच्या बाहेरच्या आवरणातली काही साखरेची रचना आपल्या मज्जातंतूंवरच्या जीएम-१ नावाच्या घटकासारखी असते. शरीर जंतूविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि ती जंतू सोडून मज्जातंतूंना धरतात. याला वेळ लागतो. जुलाब थांबून दहा-पंधरा दिवस झाले की माणूस पाय ओढत आमच्याकडे येतो. तोवर जंतू गेलेला असतो आणि मधे कुणीतरी प्रतिजैविकही देऊन झालेलं असतं. शौचात काही सापडलं नाही तर आश्चर्य वाटायला नको, सापडलं तर ती मोठी गोष्ट. पाण्याचंही तेच. साथ लक्षात आल्यावर टाकीत भरपूर क्लोरीन टाकून मग नमुना घेतला, तर तो स्वच्छच येणार.

कळवण्याच्या नियमाला माझा पाठिंबा आहे. 'दोन रुग्ण' या उंबरठ्याला नाही. पहिल्या दिवशी निदान पक्कं नसतं. पाठीतल्या पाण्यात प्रथिनं वाढलेली आणि पेशी मात्र नेहमीएवढ्याच, ही खूण बऱ्याचदा दुसऱ्या आठवड्यात दिसते. मज्जातंतूंची तपासणीही सुरुवातीला गुळमुळीत येते. साथीच्या काळात पोटॅशियम कमी झालेले, मणक्याचे, नुसते घाबरलेले असे सगळेच 'संशयित जीबीएस' म्हणून येतात. दोनाचा आकडा ठेवलात तर दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या प्रभागात भोंगा वाजेल आणि तिसऱ्या वेळी कुणी उठणार नाही.

जुना_ओव्हरसियर

पाणीपुरवठ्यात उभी हयात गेली, म्हणून जरा स्पष्ट लिहितो. मुठाईताई, तुमचा हेतू चांगला, नियम चुकीचा. माणूस लुळा पडल्यावर पाणी तपासायचं? दूषित पाणी आज प्यायलं, जुलाब चार दिवसांनी, लुळेपणा त्यानंतर पंधरा दिवसांनी, निदान, फॉर्म, बैठक. महिना गेला. महिन्याभरापूर्वीचं पाणी कुठून आणणार तपासायला?

दुसरं. पाण्यात कॅम्पायलोबॅक्टर शोधणं म्हणजे सोपं काम वाटतंय का? त्याला कमी ऑक्सिजन लागतो, ४२ अंश तापमान लागतं, वाढायला दोन दिवस, आणि थंड पाण्यात राहिला की जिवंत असूनही प्रयोगशाळेत वाढत नाही. इतकं करून 'आढळला नाही' असा कागद येतो आणि साहेब तो पत्रकार परिषदेत फडकवतात. आणि हाच जंतू क्लोरीनला चटकन मरतो! पाणी गढूळ नसेल, क्लोरीन टाकून अर्धा तास गेला असेल आणि शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन मिळत असेल, तर कॅम्पायलोबॅक्टरची काळजी करायची गरज नाही. जंतू कशाला शोधता, क्लोरीन मोजा. रोज. शेवटच्या नळाला.

गावात ग्रामपंचायत असते तेव्हा जलसुरक्षक असतो. तो टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कालवतो, वरची निवळी टाकीत सोडतो, सकाळी नळाच्या पाण्यात ओटीचे (क्लोरीन तपासायच्या द्रवाचे) थेंब टाकून रंग बघतो. पिवळा आला की वहीत नोंद. पाणी बिघडलं तर पंचायतीला लाल कार्ड मिळतं, सरपंचाची अब्रू जाते. तोही कधी कधी घरी बसून वही भरतो हे मला माहीत आहे, आणि गोणी उघडी राहिली की टीसीएलचा दम जातो हेही. पण गावात नाव घेऊन विचारायला एक माणूस असतो. गाव शहरात गेलं की तो माणूस जातो आणि त्याच्या जागी 'विभाग' येतो.

धायरीकर

ओव्हरसियर काका +१. पण आमच्या भागात शेवटचा नळ म्हणजे काय, ते सांगा आधी. नळाला पाणी येतं ते एक. सोसायटीची बोअर दुसरी. फेब्रुवारीपासून टँकर. पिण्यासाठी कोपऱ्यावरच्या आरओवाल्याचे वीस लिटरचे जार. हे सगळं एकाच टाकीत आणि एकाच घरात. साथीच्या वेळी आमच्याकडे नमुना घ्यायला आलेल्या माणसाने गेटजवळच्या नळाचं पाणी घेतलं. त्या नळाचं पाणी फक्त झाडांना जातं. सांगितलं तर म्हणाला, फॉर्मवर 'सोसायटीचा नळ' एवढंच लिहिलंय.

चिकनवाल्या मुद्द्यावर एक शंका. चिकन अख्ख्या पुण्यात खातात. कोथरूडला, कोंढव्याला, येरवड्याला काय कमी खातात? मग रुग्ण आमच्याच रस्त्यावर का?

तर्कटराव

चांगला प्रश्न, आणि उत्तर मला माहीत आहे असं मी म्हणत नाही. पण एकाच पुरवठादाराचा माल एका पट्ट्यात जाणं अशक्य आहे का? त्या भागातल्या पोल्ट्र्यांची तपासणी झालीच होती की.

मुठाई

पोल्ट्र्यांची तपासणी झाली ती चिकनमुळे नव्हे हो, विष्ठा पाण्यात उतरते का यासाठी! कोंबडी की पाणी हा वादच फोल आहे. जंतू कोंबडीत असेल, गायीत असेल, मेंढीत असेल. प्रश्न तो तुमच्या पेल्यात कसा पोचला हा आहे.

न्यूझीलंड तुम्हीच काढलंत, तर तिथलंच हॅवलॉक नॉर्थ घ्या. ऑगस्ट २०१६. छोटं, सुखवस्तू गाव, बोअरचं पाणी इतकं शुद्ध समजलं जायचं की क्लोरीनच टाकत नव्हते. मोठा पाऊस झाला, शेजारच्या कुरणातल्या मेंढ्यांच्या लेंड्या डबक्यात गेल्या, डबक्यातून जमिनीखाली, तिथून बोअरमध्ये. साडेपाच हजारांच्या वर लोक आजारी पडले, चार मृत्यूंचा संबंध त्या साथीशी जोडला गेला आणि तिघांना जीबीएस झाला. चौकशी बसली, आणि पुढे पिण्याच्या पाण्यासाठी देशाचा स्वतंत्र नियामक उभा राहिला. कत्तलखाना सुधारलेल्या त्याच देशात, दहा वर्षांनंतर.

तर्कटराव

मुठाई, तुमचं उदाहरण तुमच्याच नियमाविरुद्ध जातं, बघा. तिथे साथ जीबीएसवरून कळली नाही. हजारो लोकांना जुलाब लागले तेव्हाच कळली. जीबीएसचे तिघे नंतर आले. मग जुलाब मोजा की! दुर्मीळ आजाराची वाट कशाला बघायची?

मुठाई

कारण तिथला माणूस जुलाब झाले की डॉक्टरकडे जातो आणि डॉक्टर नोंद करतो. आपल्याकडे जुलाब झाले की माणूस मेडिकलमध्ये जाऊन 'पोट बिघडलंय, काहीतरी द्या' म्हणतो, दोन गोळ्या घेतो आणि कामावर जातो. त्याची नोंद कोण ठेवणार? पुण्यात दोनशे जीबीएस झाले तेव्हा आधी जुलाबाची लाट आली असणारच. कुणाला दिसली? आपल्याला दिसतो तो फक्त आयसीयूतला माणूस. तो लपवता येत नाही, म्हणून तोच मोजा म्हणते आहे. उशिरा कळेल, मान्य. सध्या तर कळतच नाही.

ओव्हरसियर काका, रोज क्लोरीन मोजायचा नियम आजही आहेच ना? मग नांदेडला काय झालं? नियम असून कुणी बघत नसेल तर बाहेरून काहीतरी टोचणी लागते. दवाखान्याचा कागद ही ती टोचणी.

न्यूरोवाला

दुसरीकडे थोडं वळतो, कारण खर्चाचा मुद्दा अजून कुणी काढला नाही.

या आजारावर सिद्ध झालेले उपाय दोनच: आयव्हीआयजी, म्हणजे दात्यांची प्रतिपिंडं शिरेतून देणं, किंवा रुग्णाच्या रक्तातला प्लाझ्मा बदलणं. परिणाम जवळपास सारखा. स्टेरॉइडचा उपयोग नाही, तरी अजून दिली जातात. आयव्हीआयजीचा डोस किलोमागे २ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या २४ बाटल्या. साथीच्या वेळी एका बाटलीची किंमत वीस हजारांच्या आसपास सांगितली जात होती. करा हिशोब: नुसतं औषध पावणेपाच-पाच लाख, व्हेंटिलेटर वेगळा. सरकारने मोफत उपचार जाहीर केले ते बरं झालं, पण तोही पैसा आपलाच. आणि हे औषध हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून बनतं, कारखान्यात वाटेल तेवढं काढता येत नाही. पहिल्या डोसने फरक पडला नाही म्हणून दुसरा देण्याची पद्धत होती. २०२१ च्या चाचणीत त्याने फायदा झाला नाही, उलट गंभीर दुष्परिणाम जास्त दिसले.

नवीन काही येतंय का, असं नातेवाईक विचारतात. येतंय. मज्जातंतूंवर हल्ला करणाऱ्या साखळीतली पहिली कडी, सी१क्यू, अडवणाऱ्या औषधाची तिसऱ्या टप्प्याची चाचणी बांगलादेश आणि फिलिपिन्समध्ये झाली आणि २०२४ मध्ये निकाल आशादायक आले. ढाक्यात त्याआधी वीस रुग्णांवर थोडा थोडा प्लाझ्मा हाताने बदलायची स्वस्त पद्धत करून पाहिली होती, कारण तिथल्या बहुतेकांना आयव्हीआयजी परवडत नाही. बांगलादेशात या आजारावर इतकं काम होतं याचं कारण उघड आहे, तिथे रुग्ण आहेत. आपल्याकडेही आहेत. मोजत नाही, म्हणून अभ्यासही नाहीत. माझ्या दृष्टीने कळवणं सक्तीचं करायचं खरं कारण हे आहे. पाणी नंतर.

आणि काका, क्लोरीनवर सगळा भार टाकू नका. नोरोव्हायरस क्लोरीनला कॅम्पायलोबॅक्टरइतका सहज दाद देत नाही.

जुना_ओव्हरसियर

नोरोचं मान्य. त्यासाठी गाळण लागते, म्हणजे प्रकल्प लागतो, म्हणजे जागा, निविदा, पाच वर्षं. तोवर क्लोरीन तरी धड टाका, एवढंच म्हणतोय.

मुठाईताई, टोचणीचं तुमचं पटतं, पण अर्धंच. माझा अनुभव असा की वरून टोचणी आली की खालचा माणूस वही नीट लिहितो, पाणी नीट करत नाही. फॉर्म भरणाऱ्याला आणखी एक फॉर्म द्यायचा की टाकीवर बसणाऱ्याला ताजी टीसीएल द्यायची, एवढाच प्रश्न असेल तर मी टीसीएलच्या बाजूचा.

धायरीकर

दोन्ही द्या की राव, दोनात भांडण कसलं. मला हे सांगा, ती ओटी आम्हाला मिळते का? टँकरवाल्याला विचारलं की 'क्लोरीन मारलंय साहेब' म्हणतो आणि पाइप जोडतो.

जुना_ओव्हरसियर

मिळते, किट महाग नसतं. टँकरचा पाइप टाकीत सोडण्याआधी नळीत पाणी घ्या, थेंब टाका, लगेच बघा. उशीर केला तर रंग फसवतो. चांगला पिवळा दिसला पाहिजे. पांढरं राहिलं तर टँकर परत. आणि ते पाणी पिऊ नका, ओतून द्या, ओटी विषारी असते.

तर्कटराव

टँकर परत पाठवला तर त्या दिवशी सोसायटीत पाणी कुठून येणार, हेही काकांनी सांगावं. नियमाला माझा विरोध कायम. चिकनच्या दुकानांवर वेगळा धागा काढतोय, तिथे या.