लाकडी खोक्यातलं ते पिस्तूल कोणतं?

रानवाटा:
चीनमधल्या यादवीचे, १९२०-३० च्या काळातले जुने फोटो बघत होते. बऱ्याच सैनिकांच्या अंगावर पट्ट्याने एक लाकडी खोकं लटकवलेलं दिसतं. एका फोटोत तेच खोकं पिस्तुलाच्या मागे जोडून, खांद्याला टेकवून नेम धरलाय. गोळ्यांचं मॅगझीन मुठीत नाही, ट्रिगरच्या पुढे. नवरा म्हणतो माउझर. मी म्हटलं, माउझर ही रायफल ना? आणि इतकं सगळीकडे दिसतं, तर हे नक्की कुठल्या सैन्याचं पिस्तूल?

फिटरकाका:
नवरोबा बरोबर आहेत, आणि तुम्हीही. रायफल आणि पिस्तूल एकाच कारखान्याचं, जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फचं. या पिस्तुलाचं नाव सी-९६. १८९५ च्या सुमारास कारखान्यातच कामाला असलेल्या फेडर्ले आडनावाच्या तीन भावांनी ते जुळवलं. नाव लागलं मालकाचं. चालायचंच.

मी चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली, त्यामुळे बंदुकीपेक्षा माझा जीव तिच्या जोडणीत. लेकीकडे परदेशी गेलो होतो तेव्हा एका संग्रहालयात हे पिस्तूल सुटं करून काचेआड मांडलेलं पाहिलं. अर्धा तास तिथून हललो नाही, जावई दोनदा चहा पिऊन आला. अख्ख्या पिस्तुलात स्क्रू एकच, तोही मुठीच्या लाकडी फळ्या धरायला. बाकी सगळे भाग एकमेकांच्या खाचेत बसतात, लहानपणी लाकडी कोडं असायचं तसे. बघायला देखणं, पण एकेका तुकड्यावर मिलिंगचं, म्हणजे यंत्राने धातू कोरायचं, किती काम! इतकं महाग आणि वर सव्वा किलोच्या आसपास वजन. कुठलं सरकार हे लाखांनी घेणार?

भरायची रीतही रायफलचीच. शेवटची गोळी उडाली की बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता तुकडा, मागेच थांबतो. दहा काडतुसांची पत्र्याची पट्टी वरून खाचेत उभी करायची, अंगठ्याने काडतुसं खाली दाबायची आणि रिकामी पट्टी उपसायची. पट्टी निघाली की बोल्ट आपसूक पुढे येतो. शांतपणे बसून केलं तर झकास. घोड्यावर करून बघा.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर जरा विचित्र आहे. दिसतं सगळीकडे, पण मोठ्या सैन्यांपैकी कुणीच ते आपलं मुख्य पिस्तूल केलं नाही. तुर्कस्तानने सुरुवातीला हजार घेतली, इटलीच्या नौदलाने १८९९ मध्ये पाच हजार. खुद्द जर्मन सैन्याने १९०८ मध्ये निवडलं लुगर, दुसऱ्या कारखान्याचं पिस्तूल. घरचंच लग्न आणि आचारी बाहेरचा. पुढे महायुद्धात लुगर पुरेनात, तेव्हा १९१६ मध्ये दीड लाख माउझरची मागणी नोंदवली, ९ मिलिमीटरच्या काडतुसासाठी. मूळचं काडतूस ७.६३ चं. घाईत सैनिकाने भलतंच भरू नये म्हणून मुठीच्या लाकडावर मोठा ९ कोरून लाल रंग भरला. मला या पिस्तुलातली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच वाटते.

निशाचर:
मुख्य नसेल, पण साहेब लोक हौसेने विकत घ्यायचे. चर्चिलकडे होतं.

फिटरकाका:
होतं ना, आणि त्यात आपल्या मुंबईचा हात आहे. १८९६ मध्ये तो पलटणीबरोबर ससून डॉकला उतरत होता. होडी लाटांवर वरखाली होत होती. धक्क्याच्या भिंतीतली लोखंडी कडी त्याने पकडली आणि त्याच क्षणी होडी खाली गेली. खांदा निखळला तो जन्मभर दुखता राहिला. पोलोसुद्धा दंड बांधून खेळायचा. म्हणून २ सप्टेंबर १८९८ ला सुदानमध्ये ओमदुरमानला घोडदळाने धडक मारली तेव्हा त्याने तलवार म्यान केली आणि माउझर काढलं. त्या गर्दीतून जिवंत बाहेर पडला.

पुढच्याच वर्षी बोअर युद्धात मात्र तेच पिस्तूल ऐनवेळी हाताशी नव्हतं. चिलखती आगगाडीवर हल्ला झाला, अडकलेले डबे सोडवताना त्याने ते इंजिनवर काढून ठेवलं होतं. समोर घोडेस्वार बंदूक रोखून उभा, याचा हात कमरेकडे गेला तर तिथे काहीच नाही. मुकाट हात वर केले.

अवनी_क:
कलकत्त्याची चोरी कुणीच काढली नाही? २६ ऑगस्ट १९१४. रॉडा नावाच्या शस्त्रविक्रेत्याचा माल कस्टममधून सुटला, २०२ पेट्या. गोदामात पोचल्या १९२. माल सोडवायला गेलेला कारकून श्रीशचंद्र मित्र क्रांतिकारकांना सामील होता. शेवटच्या बैलगाडीसकट पसार! ५० माउझर आणि ४६ हजार काडतुसं. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात बालासोरजवळ बाघा जतीन आणि चार साथीदार पोलिसांच्या रायफलींसमोर लढले ते हीच पिस्तुलं घेऊन.

फिटरकाका:
वा, बैलगाडी राहूनच गेली होती. तिथे ते खोकं कामाला आलं असणार. खोकं म्हणजेच पिस्तुलाची म्यान. मुठीच्या मागच्या खाचेत सरकवलं की बंदुकीचा दस्ता होतो. नेम धरायच्या मागच्या माशीवर तर हजार मीटरपर्यंतचे आकडे कोरलेत. ते आकडे फक्त गिऱ्हाईक खूश करायला. दस्ता लावून शंभर-दीडशे मीटर मात्र नीट जमायचं.

रानवाटा:
आता परत फोटो बघितले. एक माणूस पिस्तूल चक्क आडवं धरून उभा आहे, मॅगझीन बाजूला. ही फोटोपुरती ऐट का?

फिटरकाका:
ऐट नव्हे. चीनमध्ये घोडा दाबून ठेवला की गोळ्या सुटतच राहतील अशीही पिस्तुलं पोचली होती, आधी स्पेनची, मग माउझरची स्वतःची. पिस्तूल म्हणून जड असलं तरी अशा माऱ्याला ते हलकंच, त्या धक्क्याने वर उसळतं, तिसरी-चौथी गोळी आभाळात. आडवं धरलं की तीच उसळी बाजूला जाते आणि गोळ्या समोरच्या रांगेवरून सरकतात. तुमच्या फोटोत मॅगझीन खाली बरंच लांब आलंय का बघा. दहाची पेटी आखूड असते, वीसची लगेच ओळखू येते.

रानवाटा:
लांब आहे!