हॉरर पिक्चर, यातना आणि 'पलीकडचं': तुमचे अनुभव लिहा

काल रात्री मार्टर्स परत बघितला, २००८ चा फ्रेंच पिक्चर, पास्कल लोजिएचा. (पुढे शेवट फोडलाय, बघायचा असेल तर इथेच थांबा.) एक गुप्त मंडळी तरुण पोरींना पकडून हालहाल करते, का तर म्हणे वेदनेच्या टोकाला गेलेल्या माणसाला मेल्यानंतरचं दिसतं. शेवटी एकीला दिसतं, ती म्होरक्या बाईच्या कानात काहीतरी पुटपुटते आणि ती बाई स्वतःला गोळी घालून घेते. काय सांगितलं ते आपल्याला कळतच नाही. रात्रभर डोकं भणभणत होतं. मी पंचवटीत वाढलो, रामकुंडावर रोज कुणाचा तरी दहावा बघत. वडलांच्या वेळी कावळा तासभर पिंडाला शिवेना, सगळे काय काय कबूल करत होते, चुलतभाऊ तर प्लॉटचा वाद मिटवतो म्हणाला, तरी नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. प्लॉटचा वाद अजून चालूय. तर तुमचं सांगा, असले पिक्चर बघून मेल्यानंतरच्या गोष्टींवरचा विश्वास वाढला की उडाला?

*

मी इंटरव्हलच्या आधीच बंद केला. आपण रामसे बंधूंच्या भुताच्या पिक्चरवाले, त्यांचा 'पुराना मंदिर' लहानपणी केबलवर उशीच्या आडून बघितलेला, तेवढं पुरे.

*

आमच्या आजीपुढे हे पिक्चर काहीच नाहीत. घरात कुणी गेलं की गरुडपुराण लावायची, कुंभीपाकात तेलात तळतात, वैतरणीत रक्त आणि पू वाहतो, हे आम्ही नातवंडं वरणभात खाता खाता ऐकलंय. त्र्यंबकजवळ खरीखुरी वैतरणा उगम पावते आणि तिचं पाणी मुंबईकर पितात हे कळल्यावर जाम हसलो होतो. पण एक आहे, आजीच्या नरकात निदान पाप केलेल्यालाच तळतात. त्या पिक्चरमधल्या पोरींनी काय केलं होतं?

*

मला त्या म्होरक्या बाईचं बोलणं ओळखीचं वाटलं म्हणून लिहितेय. सासूबाईंना कॅन्सर होता, शेवटचे दोन महिने घरीच, सिडकोत. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं होतं तर घरातलेच मोठे म्हणायचे, भोग आहेत, भोगूनच संपू देत, गुंगीत गेल्या तर नाव कसं घेतील, गती कशी मिळेल. वाईट माणसं नव्हती हो ती, रात्र रात्र उशाशी बसायची. पण बाई कण्हतेय आणि हे गोळी पुढे ढकलतायत. मी चोरून द्यायचे, चहाच्या वेळेला. त्या कोपऱ्यात बघून कुणाशी तरी बोलायच्या, त्यांचा लहानपणी गेलेला भाऊ असावा असं सगळे म्हणायचे. शेवटच्या दिवशी मला खुणेने जवळ बोलावलं.

*

काय म्हणाल्या? सांगायचं नसेल तर राहू द्या.

*

सांगते ना. ऐकूच आलं नाही. मी कान अगदी तोंडाशी नेला होता पण ऑक्सिजनचं मशीन घुंघुं करत होतं, बाहेर भाजीवाला ओरडत होता. नणंद पोचेपर्यंत सगळं संपलं होतं, तिने आल्या आल्या हेच विचारलं, आई काय म्हणाली. मी म्हटलं, तुझं नाव घेतलं.